बेचाळीस विहिरी आणि पाच काचा

विहीर मोजताना सहादेव कठड्याला पोट टेकवत नसे. टेकला की माणूस सैलावतो आणि सैलावलेला माणूस आकडा चुकवतो, असं त्याचं म्हणणं. पाय फाकवून उभा राहायचा, कमरेत वाकायचा आणि शिशाचं वजन लावलेली लोखंडी फीत कठड्यावरच्या लाल खुणेपासून हळूहळू खाली सोडायचा. फितीच्या टोकाकडच्या दोन हात लांबीला खडू फासलेला असे. वजन पाण्यात गेलं की तेवढा खडू भिजून काळा पडायचा. फीत वर घ्यायची, कोरडा खडू कुठं संपला ते बघायचं, पाणी किती खोल ते वहीत लिहायचं. मग पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा.

अशा बेचाळीस विहिरी होत्या. पंधरवड्याला एक फेरी, फेरीला तीन दिवस, सगळं पायी. १९४० च्या पावसाळ्यापासून सहा वर्षांत त्याची एक फेरी चुकली, ती धाकट्या मुलीच्या बारशाला. तीसुद्धा त्यानं चार दिवस उशिरा पुरी केली आणि वहीत तारीख खरी लिहिली.

मी त्याच सरकारी माती-संशोधन ठाण्यावर खड्डे खणायला होतो. माती तपासायची तर सहा फूट खोल खड्डा लागतो आणि त्याची एक भिंत ओळंब्यात, अगदी सरळ उभी लागते, म्हणजे मातीचे थर नीट दिसतात. माझी भिंत ओळंब्यात असायची. सहादेवाचं आणि माझं जमलं ते एवढ्यावर. बाकी तो बोलायला कडू होता.

ठाणं बेलापूर स्टेशनपासून सात मैलांवर. स्टेशनाजवळच्या गावाला पुढं श्रीरामपूर नाव पडलं. भंडारदऱ्याचं पाणी कालव्यानं खाली आलं आणि उसाचे मळे उभे राहिले, हे सगळ्यांना दिसत होतं. दिसत नव्हतं ते जमिनीच्या पोटातलं. कालव्याखालच्या काही पट्ट्यांत जमिनीतलं पाणी वर चढत होतं आणि येताना खार घेऊन येत होतं. पिंपळवस्तीच्या पट्टीत तर उन्हाळ्यात जमीन पीठ सांडल्यासारखी पांढरी व्हायची. ज्वारी वीतभर वाढून पिवळी पडायची.

ठाण्याचे मुख्य नारायणराव. मातीचं रसायन शिकलेले, नगरचे, अंगानं किरकोळ, बोलायला मऊ. त्यांच्या मते उपाय एकच होता. पट्टीच्या खालच्या अंगानं दीड मैल खोल चर खणायचा आणि जमिनीतलं जादा पाणी ओढ्याला काढून द्यायचं. पण एवढं काम एका ठाण्याच्या शब्दावर होत नसतं. वर्षातून एकदा जानेवारीत नगरला इंजिनिअर आणि शेतीतज्ज्ञांची सभा भरे. तिथं प्रत्येकाला पंधरा मिनिटं मिळत. सभेला पटलं तर शिफारस, शिफारस झाली तर चर.

१९४६ च्या जानेवारीत नारायणराव पहिल्यांदा तिथं बोलले. अशा व्याख्यानाला जादूचा कंदील लावत. पेटीत दिवा, पुढं भिंग, मध्ये सव्वातीन इंचांची चौकोनी काच सरकवायची, की काचेवरचं चित्र समोरच्या पडद्यावर मोठं होऊन पडतं. नारायणरावांनी पुण्याहून फोटोवाल्याकडून बावीस काचा करून आणल्या होत्या. त्यांतल्या चार काचांवर बेचाळीस विहिरींचे सगळे आकडे होते. ते सहादेवामुळं.

नारायणरावांनी आधी दहाच विहिरी घेतल्या होत्या. सहादेवानं कागद पाहिला आणि विचारलं, "सायेब, बाकीच्या बत्तीस कुठं गेल्या?"

"इतक्या मावत नाहीत रे."

"मावत न्हाईत म्हंजी? मी तितं चालत गेल्तो. सा वर्सं. एक हीर गाळली तर ती मोजलीच कशाला म्हनायचं मी?"

साहेबांना नाही म्हणवलं नाही. बेचाळीसच्या बेचाळीस काचांवर गेल्या.

साहेब नगरहून दुसऱ्या दिवशी परतले. टांग्यातून उतरले ते सरळ पडवीत बसले. पंधरा मिनिटांत अकरा काचा झाल्या होत्या, तेवढ्यात घंटा वाजली. मागच्या रांगेत दोघं झोपले होते. अध्यक्ष हुशार गृहस्थ, पण शेवटी तेही म्हणाले, "तुमच्या आलेखावरून पाणी दर वर्षी उतरतंय असं दिसतं. मग चर कशाला?"

"चढतंय हो, मी म्हणालो. पण वेळ संपली होती," साहेब सांगत होते. "लक्षच नव्हतं त्यांचं."

सहादेव म्हणाला, "लक्ष नसतंय मोठ्या लोकांचं."

आम्ही तिघांनी तेच खरं मानलं.

मे महिन्यात वरून पत्र आलं. सहा वर्षं मोजणी चालू आहे, येत्या सभेतून काही शिफारस निघाली नाही तर मार्चअखेर ती बंद करावी. साहेबांनी पत्र आम्हाला मराठीत सांगितलं. सहादेवाला ठाण्यावर दुसरं काम मिळालं असतं, पोटाचा प्रश्न नव्हता. तो एवढंच म्हणाला, "म्हंजी पुढल्या जानेवारीत पंदरा मिन्टं. सा वर्सांची."

"हो," साहेब म्हणाले.

"मग त्या पंदरा मिन्टांवर बी काम करावं लागंल."

दसरा झाल्यावर काम सुरू झालं. ठाण्याचं खताचं गोदाम रिकामं होतं. खिडक्यांवर गोणपाटं ठोकली, दारं लावली, भर दुपारी आत मिट्ट काळोख. एका भिंतीवर झुंबरबाईनं, म्हणजे सहादेवाच्या बायकोनं, धुतलेलं धोतर ताणून बांधून दिलं. कंदील ठाण्याचाच होता, कार्बाइडच्या दिव्यावर चालणारा. नगरच्या सभागृहात शेवटची रांग पडद्यापासून साठ फुटांवर, असं साहेबांनी सांगितलं. सहादेवानं फीत लावून साठ फूट मोजले, दोनदा, आणि तिथं खोकं ठेवलं.

"छगन, बस तितं. वाच."

मी चौथी शिकलेला. आकडे मला वाचता येत होते. पण धोतरावर पडलेलं मला मुंग्यांच्या रांगांसारखं दिसलं. तसं मी सांगितलं.

"डोळं फुटलं का तुझं?"

"तू ये आन् बस."

तो आला, बसला. बराच वेळ बघत राहिला. मग उठून दहा पावलं पुढं गेला, पुन्हा बघितलं. आणखी दहा. पडद्याला नाक लागायची वेळ आली तेव्हा त्याला त्याची पहिली विहीर सापडली.

तो दुसऱ्या दिवशी फेरीला गेला, तीन दिवसांनी आला आणि पायावरची धूळ न झटकता साहेबांच्या टेबलाजवळ उभा राहिला.

"काढा."

"काय काढू?"

"हिरी. माजं चालनं मी पडद्यावर मांडून बसलो हुतो. त्यांना माज्या चालन्याशी काय करायचंय? पानी काय करतंय ते दाखवा."

हे बोलणं त्याला सोपं गेलं नसणार. मी कधी खणलेला खड्डा न दाखवता बुजवलेला नाही, त्यामुळं मला ठाऊक आहे.

मग एकेक काच लावून ठेवायची का काढायची ते ठरवू लागलो. मी कंदिलाशी होतो. कंदिलात काच डोकं खाली करून घालावी लागते, तेव्हा पडद्यावर चित्र सरळ पडतं. आलेखाची काच आली. वर्षं आडवी, पाण्याची खोली उभी. मी ती उचलली आणि डोकं वरच ठेवून, मागची बाजू पुढं करून घातली. धोतरावर अक्षरं पालथी उभी राहिली.

"छगन, उलटी," साहेब म्हणाले.

मी हात घातला. सहादेव ओरडला, "हात लावू नगं!"

मी थांबलो.

"सायेब, ही बराबर हाय."

"अरे, अक्षरं डोक्यावर उभी आहेत."

"अक्षरं चुकली असतील. रेघ बराबर हाय." तो पडद्याजवळ गेला आणि त्याची सावली धोतरावर पडली. "मी हिरीत वरनं बघतो. जमीन वर असती, पानी खाली. चाळीस साली पानी एकवीस फुटांवर हुतं, लई खाली. आता पाच फुटांवर हाय, माज्याजवळ आलंय. मग रेघ वर चढाया पायजे का न्हाई? तुमी एकवीस वर मांडले आन् पाच खाली मांडले. पानी वर चाललंय आन् तुमची रेघ खाली चाललीया."

साहेब रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसले. आकड्याच्या हिशेबानं त्यांचं चुकलं नव्हतं. खोली कमी होत गेली म्हणून रेघ उतरली. कागदावर शिकलेला माणूस शून्य तळाशी मांडतो. विहिरीवर शून्य कठड्याशी असतं.

"म्हणजे अध्यक्ष नीट बघत होते," शेवटी ते म्हणाले. "पाणी उतरतंय म्हणाले ते. मी दाखवलं तेच त्यांनी पाहिलं. आणि मी वर्षभर त्यांना नावं ठेवतोय."

"मी बी ठेवली," सहादेव म्हणाला.

साहेब हसायला लागले. मग आम्ही दोघंही. दिव्याचं कार्बाइड संपेपर्यंत ती रेघ तशीच पालथी ठेवली.

नव्या काचा फोटोवाल्याकडून करायच्या तर एकदा छापल्या की बदलता येत नाहीत. सहादेवानं दुसरी रीत काढली. खिडकीची काच मापात कापायची, चिमणीच्या धुरावर धरून काजळी बसवायची आणि सुईनं ओरखडून चित्र काढायचं. ओरखडलेल्या जागेतून उजेड जातो, पडद्यावर काळ्यावर पांढरी रेघ उमटते. चुकलं तर पुसायचं, पुन्हा काजळी. जमलं की वर दुसरी काच ठेवून कडांना कागदी पट्टी चिकटवायची.

महिनाभर त्याच्या घरी हेच चाललं. बोटं काळी, सदऱ्याच्या बाह्या काळ्या.

झुंबरबाई मला दारातच म्हणाली, "या भावजी. बगा तुमचा दोस्त. तीन पोरी हायत घरात, एकीच्या डोळ्याला काजळ न्हाई. काचंला मातर रोज घालतोय."

"काच रडत न्हाई," सहादेव आतून म्हणाला.

"व्हय, काच नांदाया बी जात न्हाई. तिलाच सांभाळा."

पण काच तयार झाली की पहिली तिलाच दाखवायचा. तिला अक्षर येत नव्हतं आणि म्हणूनच दाखवायचा. हात लांब करून काच दारातल्या उजेडात धरायची आणि विचारायचं, काय दिसतंय. तिनं "हीर हाय, पानी चढलंय" म्हटलं तर काच राहिली. तिनं "हे काय कोपऱ्यात?" असं विचारलं, की कोपऱ्यातलं गेलं. चौकटीभोवती त्यानं हौसेनं वेलबुट्टी काढली होती. "वेल लई झ्याक जमली," ती म्हणाली. त्यानं काच पुसली.

अक्षराच्या आकाराचा प्रश्न ज्वारीनं सुटला. वेगवेगळ्या उंचीचे आकडे कोरून मी साठ फुटांवरून वाचत गेलो. जे वाचता आले त्यांतला सगळ्यात लहान आकडा ज्वारीच्या दाण्याएवढा भरला. तेव्हापासून सहादेवाच्या खिशात चार दाणे असत. अक्षरावर दाणा ठेवायचा. दाण्याखाली अक्षर झाकलं गेलं तर ते बाद. सभा इंग्रजीतली, म्हणून शब्द इंग्रजी. ते तो चित्रासारखे बघून कोरायचा आणि एकेका शब्दाला तास घालवायचा. साहेबांनी एका काचेसाठी नऊ शब्दांचं शीर्षक दिलं, तेव्हा तो म्हणाला, "सायेब, ह्यातलं तुमी तोंडानं किती बोलनार?"

"सगळंच बोलणार."

"मग मी कशाला कोरू?"

शीर्षक दोन शब्दांवर आलं.

आता विहीर कुठली दाखवायची? साहेब म्हणाले एकतीस नंबरची, तिथं पाणी सगळ्यात जास्त चढलंय, परिणाम होईल. सहादेवानं मान हलवली. "सगळ्यात वाईट दावली तर कुनी बी म्हनंल, निवडून आनली. पट्टीत पंदरा हिरी हायत. मधली घ्या." पंधरा विहिरी पाण्याच्या चढाप्रमाणे ओळीनं लावल्या, मधली सतरा नंबरची निघाली. एकवीस फुटांवरून पाच फुटांवर आलेली. तिच्याशेजारी कालव्याच्या वरच्या अंगाची एक विहीर घेतली, तिथं पाणी सहा वर्षं जागच्या जागी होतं.

शेवटी पाच काचा झाल्या. पहिली, कालवा आणि पट्टी कुठं आहे. दुसरी, सतरा नंबरची विहीर उभी कापल्यासारखी, जमीन वर, आणि सहा वर्षांचं पाणी सहा पायऱ्यांनी चढत आलेलं. तिसरी, कालव्यावरची विहीर, त्याच मापात. चौथी, मी खणलेल्या खड्ड्याची भिंत, खार कुठल्या थरात आहे ते. पाचवी, चर कुठून जाईल.

सहावीही होती म्हणा. ती नुसती काळी. साहेब नुसतं बोलत असतील तेव्हा आधीचं चित्र पडद्यावर राहिलं की लोक चित्रच बघत बसतात, हे सहादेवानं माझ्यावरूनच ओळखलं होतं. तेव्हा तेवढा वेळ काळी काच.

"हिच्यावर काय कोरलंय?" झुंबरबाईनं विचारलं.

"काई न्हाई."

"ही सगळ्यांत बरी जमली."

प्रत्येक काचेच्या एका कोपऱ्यात त्यानं पांढऱ्या कागदाचा ठिपका डकवला. काच कंदिलात घालताना ठिपका उजव्या अंगठ्याखाली आला पाहिजे. माझ्याकडं बघून म्हणाला, "हे खास तुज्यासाटी."

जानेवारी १९४७. साहेब, सहादेव आणि मी बेलापूरहून गाडीनं नगरला गेलो. सहादेवाच्या मांडीवर काचांची पेटी होती, भुश्शात रोवलेली. माझ्या डोक्यावर मोजणीच्या वह्या, सहा वर्षांच्या बारा. साहेब म्हणाले होते, वह्यांचं काम पडणार नाही. सहादेव म्हणाला, "नगं पडू द्या. पर येतील."

सभागृहात विजेचा कंदील होता. सभा सुरू व्हायच्या आधी सहादेवानं फीत काढली आणि शेवटची रांग मोजली. सत्तर फूट निघाले. साहेबांचा चेहरा उतरला. सहादेवानं पहिली काच लावली आणि मला मागं पाठवलं. मी मागं जाऊन हात वर केला. वाचता येत होतं. ज्वारीचा दाणा आम्ही थोडा मोठाच धरला होता.

साहेब बोलले ते मला कळलं नाही, इंग्रजी होतं. मी कंदिलात काचा घालत लोकांच्या मानांकडं बघत होतो. दुसरी काच पडली, विहीर दिसली, पाण्याच्या पायऱ्या दिसल्या, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं शेजाऱ्याला कोपर मारलं आणि हाताचा तळवा खालून वर नेला. बस. तेवढ्यात कळलं. काळी काच पडली की सगळे साहेबांकडं बघत. बारा मिनिटांत झालं. तीन मिनिटं उरली.

अध्यक्ष गेल्या वर्षीचेच होते. त्यांनी विचारलं आणि साहेबांनी ते मागं वळून आम्हाला मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, चित्र स्पष्ट आहे, पण एका विहिरीवर दीड मैल चर खणायचा का? बाकीच्या मोजल्यात का खरंच?"

सहादेव उभा राहिला. अध्यक्ष मराठी माणूस होते, त्यांनी मग त्यालाच विचारलं, "मोजणी तुम्ही करता?"

"व्हय."

"किती विहिरी?"

"बेचाळीस."

"एकतीस नंबरला त्रेचाळीसच्या ऑगस्टात पाणी किती फुटांवर होतं?"

सभा हसली. एवढं कुणाला पाठ असतं? सहादेवाला असेल, असं मला वाटलं. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"तोंडी सांगनार न्हाई. बगून सांगतो."

मी वह्या खाली ठेवल्या होत्या. त्यानं सातवी उचलली, थुंकी न लावता पानं उलटली. सगळं सभागृह थांबलं होतं. उरलेल्या तीन मिनिटांतलं एक त्यानं त्यातच खर्च केलं.

"दोन मोजन्या हायत. तीन तारखेला सात फूट दोन इंच. अठराला सा फूट अकरा. अठराला तीनदा मोजली, पैल्या दोन जुळल्या न्हाईत. तिन्ही आकडे लिवलेत. बगायच्यात?"

अध्यक्षांनी वही मागवली. पाच-सहा पानं चाळली. शेजारच्याला दाखवली. मग चष्मा काढला आणि साहेबांना म्हणाले, मराठीतच, "गेल्या वर्षी हे सगळं माझ्यापुढं होतं आणि मला काही दिसलं नाही."

"गेल्या वर्षी मी उलटं दाखवलं होतं," साहेब म्हणाले.

शिफारस त्याच दुपारी झाली. मोजणी चालू राहिली. परत येताना गाडीत साहेबांनी आम्हाला नगरचा पेढा दिला. सहादेवानं अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधला. "काजळाची भरपाई," म्हणाला.

चर १९४८ च्या उन्हाळ्यात झाला. मी त्या कामावर होतो. तळाला उतार नीट ठेवावा लागतो, नाहीतर पाणी मध्येच थबकतं. आमच्या टोळीचा उतार कुठं थबकला नाही. पाऊस सरला, दिवाळी झाली, आणि सहादेव फेरीला निघाला तेव्हा मीही बरोबर गेलो.

सतरा नंबरच्या विहिरीशी तो पाय फाकवून उभा राहिला. फीत सोडली, वर घेतली, बघितलं, लिहिलं. पुन्हा सोडली. दोन्ही जुळले. तरी तिसऱ्यांदा सोडली, मग चौथ्यांदा.

"जुळलं की रं," मी म्हणालो.

"आपल्याला पायजे तो आकडा आला की जास्त मोजावं."

आठ फूट चार इंच. पाच फुटांवरून पाणी आठ फुटांवर गेलं होतं.

त्यानं फीत गुंडाळली. पिशवीतून पाचांतली ती दुसरी काच काढली, सतरा नंबरच्या विहिरीची. ती तो घेऊन आला होता हे मला माहीत नव्हतं. कठड्याच्या सावलीत बसून कडेची पट्टी पाण्यानं भिजवून सोडवली, वरची काच उचलली, आणि सुईनं पाच फुटांच्या पायरीपलीकडं नवी पायरी कोरली, खाली उतरणारी. फुंकर घातली. खिशातून दाणा काढून आकड्यावर ठेवून बघितला. मग काचा जुळवून मला म्हणाला, "पाच पावलं मागं जा."

मी गेलो. त्यानं काच उन्हाकडं धरली.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"पानी उतरलंय."

त्यानं काच फडक्यात गुंडाळली आणि अठरा नंबरकडं चालू लागला.